नाशिकमध्ये ॲल्युमिनियमच्या दुरुस्तीसाठी वेल्डर कसा शोधावा आणि काम कसं करून घ्यावं

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणीला एका दिवसाचीही उसंत नसते. नेमक्या त्याच दिवसांत ब्लोअरच्या गिअरबॉक्सचं कव्हर तडकतं, नाहीतर एचटीपी पंपाच्या (जास्त दाबाने फवारणाऱ्या पंपाच्या) बॉडीला चीर जाते. शहरातल्या तक्रारी वेगळ्या: गाडीचा ऑइल चेंबर खड्ड्यात आपटून गळायला लागतो, मोटरसायकल पडून क्रँककेसला भोक पडतं, हॉटेलच्या मोठ्या पातेल्याचा कान तुटतो, द्राक्षं नेणाऱ्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) गाडीच्या आतली ॲल्युमिनियमची पट्ट्यांची जमीन उखडते. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात, आणि नाशिकसारख्या कारखान्यांच्या शहरात ते काम मन लावून करणारी माणसंही आहेत.

अडचण ती माणसं ओळखण्याची आहे. लोखंडाचं गेट बनवणारा उत्तम कारागीर ॲल्युमिनियमवर हात घालतो आणि वाचू शकला असता असा भाग वितळवून बसतो, हे फार वेळा घडतं. वेल्डरच्या हातात भाग देण्याआधीच निम्मं काम ठरून जातं: कोणाकडे देता, कोणत्या मशीनवर होणार आहे, आणि भाग किती स्वच्छ करून नेता. हे तिन्ही निर्णय तुमचे असतात, म्हणून हा लेख गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिला आहे.

आधी एवढं समजून घ्या

ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पण हवेत आलेल्या प्रत्येक ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, आणि तो वितळायला दोन हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वर दुधावरच्या सायीसारखा थर तसाच धरून असतो. हा थर काढला नाही तर दोन बाजूंचा धातू एकमेकांत मिसळतच नाही. वरून रेघ छान दिसते, आत जोड नसतो.

दुसरी गोष्ट रंगाची. लोखंड तापताना लाल होतं, त्यामुळे वेल्डरला अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते चमकतं आणि खाली कोसळतं. त्यातून ते लोखंडापेक्षा कित्येक पटींनी वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे सुरुवातीला जोड धरत नाही आणि धरायला लागला की लगेच भोक पडतं. हा तोल फक्त हाताच्या सवयीने येतो.

यावर जी पद्धत बहुतेक दुरुस्तीला चालते ती म्हणजे एसी करंटवरची टिग वेल्डिंग, शुद्ध आर्गन वायूसोबत. टिगमध्ये टंगस्टनच्या टोकातून विजेची आर्क काढतात आणि जोडात भरायचा रॉड हाताने देतात. एसी करंट दिशा बदलत राहतो. त्याच्या एका अर्ध्या फेरीत ऑक्साइडचा थर फुटतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातूत उष्णता शिरते. जाड कामाला, म्हणजे ट्रकच्या बॉडीला किंवा जाड प्लेटला, स्पूल गन (तारेचं छोटं रीळ बसवलेली बंदूक) लावलेलं मिग मशीनही चालतं, त्यात ती तारच वितळून जोड भरते. गॅसच्या ज्योतीवर फ्लक्स पावडर टाकून जोड देणारे जुने कारागीरही आहेत. पातळ भांड्यांना आणि एअर कंडिशनरच्या नळ्यांना ती पद्धत ठीक आहे, पण काम झाल्यावर फ्लक्सचा अंश गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढावा लागतो. राहिला तर तो जोडाशेजारचा धातू खात बसतो.

भाग खरंच ॲल्युमिनियमचा आहे का

लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर प्रश्न मिटला, ते लोखंड किंवा बीड. नाही चिकटलं तर वजन हातात तोला. ॲल्युमिनियमचं वजन त्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असतं. रुपेरी दिसणारा पण हाताला जड लागणारा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असू शकतो. जुने कार्बोरेटर, दारांची हँडलं, नळांच्या मुठी, काही कुलपांच्या बॉडी अशा जस्ताच्या असतात. हा धातू चारशे अंशांच्याही आत वितळतो, टिगखाली धूर काढत फुटतो. तो वेल्डिंगला नेऊच नका.

क्वचित एखादा हलका भाग मॅग्नेशियमचा निघतो. कानशीने थोडी जागा घासून चकचकीत करा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियमची शंका घ्या आणि वेल्डरला ती आधीच सांगा, कारण त्याचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकायचं नसतं.

मग प्रकार बघा. ओतीव भागाचा पृष्ठभाग थोडा खडबडीत असतो, त्यावर साच्याच्या जोडाची रेघ आणि बऱ्याचदा भाग क्रमांक उठलेला असतो. क्रँककेस, गिअरबॉक्स, पंपाची बॉडी हे सगळे ओतीव. खिडक्यांचे, पार्टिशनचे, शिडीचे लांब सेक्शन दाबून काढलेले असतात आणि त्यांचा धातू बहुधा ६०६३ जातीचा. टाक्या आणि गाड्यांची बॉडी पत्र्याची. वेल्डरला फोनवर एवढं सांगता आलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

हे वेल्ड करूच नका

प्रेशर कुकर. तळाला बारीक छिद्र असो की कडेला तडा, त्याला जोड देऊ नका. तो दाब धरणारा भाग आहे, आणि वेल्डच्या उष्णतेने शेजारचा धातू मऊ पडतो.

अलॉय व्हीलच्या आऱ्याला किंवा नट बसतात त्या भागाला तडा असेल तर व्हील बदला. बाहेरच्या ओठाला लागलेली चीप भरून देणारे आहेत, पण भार वाहणाऱ्या जागेचा जोड महामार्गावरच्या वेगात तपासून बघायचा नसतो. मोटरसायकलचा स्विंगआर्म, हँडलचे क्लॅम्प, गाडीच्या चाकाजवळचे सस्पेन्शनचे भाग यांनाही हेच लागू. ॲल्युमिनियमची शिडीसुद्धा याच यादीत येते. ६०६३ किंवा ६०६१ सारखे धातू कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असतात. वेल्डच्या दोन्ही बाजूंची पट्टी तापली की ती कडकपणा गमावते आणि तिथली ताकद बरीच घटते. जोड टिकतो, शिडी त्याच्या शेजारी वाकते.

काही जाती तर आर्क वेल्डिंगला चालतच नाहीत. २०२४ आणि ७०७५ हे विमानांत वापरले जाणारे धातू जोडताना तडकतात. १९६४ साली ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना उभा राहिला. तिथल्यासारख्या विमानांचे पत्रे रिव्हेटने जोडतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. सायकलचे आणि मोटरसायकलचे काही महागडे भाग ७०७५ चे असतात, त्यामुळे त्यांच्यावर ही संख्या छापलेली दिसली तर वेल्डिंगचा विचार सोडा.

पेट्रोल-डिझेलची टाकी रिकामी केली तरी आत वाफ असते, आणि ती वाफच स्फोट करते. टाकी धुऊन, वाफ काढून काम करण्याची व्यवस्था असलेल्या ठिकाणीच ती न्या. घरच्या अंगणात, ओळखीच्या वेल्डरकडून, कधीही नाही.

आणि ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर वेल्डर शोधू नका, लेथवाल्याकडे जा. तिथे हेलिकॉइल (आट्यांचं तारेचं वेटोळं) बसवून नवे आटे मिळतात, भाग तापत नाही, वाकत नाही. हे काम वेल्डिंगपेक्षा स्वस्त आणि बऱ्याचदा मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं.

नाशिकमध्ये शोधायचं कुठे

शहरात फिरताना दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. 'ॲल्युमिनियम वर्क' म्हणजे स्लायडिंग खिडक्या, पार्टिशन, मच्छरदाणीची दारं. तिथे सगळं काम स्क्रू, क्लीट आणि रिव्हेटवर चालतं, वेल्डिंग मशीन नसतंही. दुसरी पाटी 'आर्गन वेल्डिंग'ची. तिथे मशीन असतं, आर्गनही असतो, पण मुख्य धंदा स्टीलच्या रेलिंगचा, आणि त्याला डीसी करंटचं मशीन पुरतं. डीसीवाल्या मशीनवर ॲल्युमिनियमचा ऑक्साइड फुटत नाही. म्हणून या दोन पाट्यांवर विसंबून भाग घेऊन जाऊ नका.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतली छोटी जॉबवर्कची युनिट हे शोधाचं पहिलं ठिकाण. वाहन उद्योगाला भाग पुरवणाऱ्या अशा काही युनिटांत एसी टिग मशीन असतं. काही मालक बाहेरची किरकोळ कामं संध्याकाळी घेतात. गेटवर जाऊन उभं राहण्यापेक्षा आधी फोन करा, शिफ्टच्या वेळात त्यांना मान वर करायला सवड नसते.

पण माझ्या मते सगळ्यांत खात्रीची वाट दुकानदारांकडून जाते. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन विचारा: '४०४३ चे ॲल्युमिनियम रॉड तुमच्याकडून नेहमी कोण नेतं?' रोज ॲल्युमिनियम जोडणाऱ्यालाच जोडात भरायचे हे रॉड पुन्हा पुन्हा लागतात. तसंच इंजिनचं बोअरिंग आणि हेड फेसिंग (हेडचा चेहरा सपाट करणं) करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारा. त्यांच्याकडे तडकलेली सिलिंडर हेड येतात आणि ते ती कोणाकडे तरी पाठवतात. तो माणूस चुकला तर यांचं फेसिंगचं कामही वाया जातं, म्हणून त्यांची निवड पारखलेली असते.

ट्रक आणि कंटेनरच्या बॉडीचं काम असेल तर आडगाव ट्रक टर्मिनलच्या परिसरातल्या बॉडीवाल्यांकडे चौकशी करा. ब्लोअर आणि पंपासाठी पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी इथले फवारणी यंत्रांचे दुरुस्तीवाले. त्यांना भाग ओळखीचे असतात आणि कोणत्या कव्हरला वेल्ड टिकत नाही हेही त्यांनी पाहिलेलं असतं. सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा अभ्यासक्रम. तिथल्या निदेशकांना विचारलं तर हाताने चांगले असलेले जुने विद्यार्थी कुठे काम करतात ते कळू शकतं.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न एकच: 'भाऊ, तुमचं टिग मशीन एसी-डीसी आहे का, की नुसतं डीसी?' उत्तर सरळ आलं तर पुढे बोला. 'कुठलंही मेटल होतं' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. तरीही एसीचं नाव निघालं नाही तर आभार मानून फोन ठेवा.

मग विचारा की या भागाला कोणता रॉड वापराल. साधारण दोन नावं ऐकू येतील. ४०४३ मध्ये सुमारे पाच टक्के सिलिकॉन असतं. तो सहज वाहतो, तडे कमी जातात, त्यामुळे ओतीव भागांना आणि ६०६३ च्या सेक्शनला तो योग्य. ५३५६ मध्ये सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असतं, जोड जास्त मजबूत होतो, आणि पत्र्याच्या ५०५२ किंवा ५०८३ या जातींना तोच लागतो. पण सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला ५३५६ नको. इंजिनचा किंवा गिअरबॉक्सचा भाग घेऊन चाललात आणि वेल्डर 'सगळ्याला ५३५६' म्हणाला, तर त्याला कारण विचारा. सेक्शनवर नंतर ॲनोडायझिंग (विजेने पृष्ठभागावर टिकाऊ थर चढवणं) करायचं असेल तर मात्र ५३५६ बरा, ४०४३ चा जोड ॲनोडायझिंगमध्ये काळपट पडतो.

गॅस शुद्ध आर्गन हवा. लोखंडाच्या मिगला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचं आर्गनसोबतचं मिश्रण ॲल्युमिनियमला चालत नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: 'तुम्ही कोणतं ॲल्युमिनियमचं काम घेत नाही?' अनुभवी माणूस लगेच दोन-तीन गोष्टी सांगतो. तेलात वर्षानुवर्षं भिजलेलं कास्टिंग, स्वस्त डायकास्ट कव्हर, कुकर, व्हील. ज्याच्याकडे नकाराची यादी आहे त्याने चुका पाहिलेल्या आहेत आणि तुमचा भाग तो विचार करून हातात घेईल.

फोटो व्हॉट्सॲपवर आधीच पाठवा. तड्याचा जवळून एक, पूर्ण भागाचा एक, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर

पंधरा मिनिटं नुसतं बघा. ॲल्युमिनियमसाठी वेगळा स्टेनलेस स्टीलचा ब्रश आहे का? लोखंडावर घासलेला ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला तर लोखंडाचे कण जोडात जातात. ग्राइंडरची चकतीही वेगळी हवी. रॉड पाइपमध्ये किंवा डब्यात झाकून ठेवले आहेत की कोपऱ्यात धुळीत पडले आहेत? जुलै-ऑगस्टच्या नाशिकच्या हवेत उघडा रॉड आणि ओलसर भाग ओल धरतात. त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, थंड होताना बुडबुडे होऊन अडकतो आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. गळक्या चेंबरची दुरुस्ती यामुळेही पुन्हा गळते.

डोक्यावर पंखा सुरू आहे का, शटरसमोर वाऱ्यात काम चाललंय का, तेही बघा. आर्गनचं आवरण वाऱ्याने उडालं की जोड काळा पडतो. याच कारणाने शेतावर बोलावून काम करून घेण्यापेक्षा भाग खोलून वर्कशॉपला नेणं चांगलं. बांधावरचा वारा आणि जनरेटरचा कमी-जास्त होणारा दाब, दोन्ही या कामाचे शत्रू आहेत.

आधी केलेलं एखादं काम दाखवायला सांगा. चांगल्या टिग जोडाच्या लहरी सारख्या अंतरावर असतात, रंग रुपेरी असतो, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटरची पांढुरकी मॅट पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे एसी करंटने ऑक्साइड साफ केल्याची खूण. टिगच्या जोडावर काळी काजळी, टाचणीएवढी छिद्रं, किंवा रेघ जिथे संपते तिथल्या खड्ड्यात बारीक तडा दिसला तर तो माणूस अजून शिकतोय असं समजा. मिगच्या जोडावर थोडी काजळी येते, ती पुसली जाते. तिला घाबरू नका.

कारखान्याचं, रचनेचा भार घेणारं काम असेल तर आयएसओ ९६०६-२ प्रमाणे परीक्षा दिलेला वेल्डर मागा. ते प्रमाणपत्र ॲल्युमिनियमसाठीच असतं. पंपाच्या कव्हरला एवढं लागत नाही.

भाग नेण्याआधीची तयारी

हे काम घरी नीट केलंत तर वेल्डरचे तास वाचतात आणि जोडाची शक्यता वाढते.

भाग पूर्ण खोला. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग, गॅस्केट सगळं काढा, नाहीतर उष्णतेने जळेल. कोणता बोल्ट कुठला याचे फोटो काढून ठेवा. गिअरबॉक्सचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि चुकीचा लांब बोल्ट आवळला की नवा तडा जातो.

गळती थांबवायला एम-सील किंवा अरल्डाइट लावून काही दिवस काढायची सवय आपल्याकडे आहे. वेल्ड करायचा विचार असेल तर ते लावूच नका. लावलेलं असेल तर खरवडून काढा आणि वेल्डरला सांगा. ते तड्याच्या आत शिरतं, आर्कखाली जळतं, घातक धूर होतो आणि जोड सडका होतो. ॲल्युमिनियम साफ करायला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो धातूच खातो.

तेलकट भाग आधी डिग्रीझर आणि गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा. शेवटी पांढऱ्या कपड्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, कपडा स्वच्छ निघेपर्यंत. ब्रेक क्लीनरचे काही स्प्रे क्लोरीनयुक्त असतात. त्यांचा अंश आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत विषारी फॉस्जीन वायू तयार करतो. त्यामुळे वेल्ड होणाऱ्या भागावर ब्रेक क्लीनर मारू नका आणि वेल्डरलाही मारू देऊ नका.

इतकं करूनही जुन्या कास्टिंगच्या छिद्रांत तेल राहतं. जाणता वेल्डर भाग हलका तापवतो, तेल घामासारखं वर येतं, ते पुसतो, पुन्हा तापवतो. त्याला हे करू द्या, घाई करू नका.

तड्याचं टोक उघड्या डोळ्यांना दिसतं त्यापुढे गेलेलं असतं. ते शोधायला डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात: लाल रंग मारा, डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तड्याची खरी लांबी लाल रेघेने उमटते. त्यावर मार्करने खूण करा.

पैसे आणि बोली

दर तीन प्रकारे सांगितला जातो: इंचावर, नगावर किंवा तासावर. सरळ भेगेला इंचावरचा दर ठीक. कास्टिंगला नगावर ठरवा, कारण खरा वेळ साफसफाईत, खाच पाडण्यात आणि तापवण्यात जातो, आणि इंच मोजले तर वेल्डर नेमकं तेच उरकायला बघतो. छोट्या कामालाही किमान आकार असतो आणि तो रास्त आहे. मशीन लावणं, टंगस्टन घासणं, वायू सोडणं हे एका इंचालाही तेवढंच लागतं. आर्गनचा नेहमीचा मोठा सिलिंडर सात घनमीटरचा. मिनिटाला दहा लिटर धरले तर तो साडेअकरा तासांच्या आसपास आर्क चालवतो, म्हणजे वायूचा खर्च खरा आहे.

दर ठरवताना या गोष्टी स्पष्ट करा आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घ्या: वेल्डनंतरचं फेसिंग किंवा आटे मारणं दरात आहे का, कोणता रॉड, गळती तपासून देणार का, पुन्हा गळलं तर एकदा फुकट करून देणार का. ओतीव भाग तापवताना नवीन तडा गेला तर काय, हेही आधीच बोला. प्रामाणिक वेल्डर म्हणेल की जुन्या कास्टिंगची हमी देता येत नाही. ते मान्य करा, पण मग पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. जीएसटी बिल हवं असेल तर ते भाव ठरवतानाच सांगा.

नव्या भागाची किंमत आधी विचारून ठेवा. दुरुस्ती, फेसिंग, खोलणं-बसवणं मिळून खर्च नव्याच्या निम्म्यापुढे गेला तर मी नवा भाग घेण्याकडे झुकतो. अपवाद दोन: भाग बाजारात मिळतच नसेल, किंवा तो यायला आठवडा लागणार असेल आणि बागेत डाऊनीची (केवडा रोगाची) भीती असेल. तेव्हा दुरुस्तीचा खर्च फवारणीच्या चुकलेल्या दिवसांशी तोलावा लागतो.

काम चालू असताना

तड्याच्या दोन्ही टोकांना साधारण तीन मिलिमीटरचं भोक पाडायला सांगा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तडा व्ही आकारात पूर्ण खोलपर्यंत उघडला पाहिजे. नुसती वरून रेघ मारली तर आतला तडा तसाच राहतो आणि कंपनाने पुन्हा वर येतो. या एका पायरीवर तडजोड करू नका. वेल्डरने तडा न उघडता टॉर्च हातात घेतला तर नम्रपणे थांबवा: 'दादा, आधी व्ही मारून घेऊ.'

जाड कास्टिंग १५० अंशांच्या आसपास सारखं तापवून घेतलं की जोड चांगला धरतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. तापमान दाखवणारी खडू-कांडी त्यापेक्षा भरवशाची. गॅस्केटचा सपाट चेहरा असलेला भाग जाड प्लेटला किंवा जोडीच्या भागाला बोल्टने आवळून वेल्ड करावा, नाहीतर तो वाकतो. झाल्यावर पाण्यात बुडवू नका, सुक्या वाळूत सावकाश थंड होऊ द्या.

गाडीवरच काम करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायर काढून घ्या आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, म्हणजे करंट बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्समधून फिरत नाही. चमकदार ॲल्युमिनियमवरून टिगच्या आर्कचे अतिनील किरण उलटून येतात. वेल्डिंगची काच नसताना बघू नका, लहान मुलांना शेडमध्ये आणू नका, आणि उघड्या हातांनी जवळ उभे राहू नका.

ताब्यात घेताना

आधी डोळ्यांनी बघा, मग स्टीलची पट्टी किंवा काचेचा तुकडा सपाट चेहऱ्यावर ठेवून खालून उजेड येतो का ते बघा. उजेड आला तर फेसिंग करून घ्या, गॅस्केटवर जास्त सीलंट लावून भागवू नका. बेअरिंगच्या जागेजवळ वेल्ड असेल तर तिथेच नवं बेअरिंग बसवून बघा. सैल किंवा फार घट्ट बसलं तर लेथवर जावं लागेल आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

तेल धरणारा भाग असेल तर रॉकेलची तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. बाहेरून वेल्डवर पांढरा खडू घासा, आतून रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. खडूवर ओला डाग उमटला तर छिद्र आहे. पाण्यासारख्या कामांच्या टाकीला साबणाचं पाणी लावून हलकी हवा भरूनही बघता येतं. हवा मात्र अगदी कमी दाबाची, कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची नळी लावायची नाही.

डाग उमटलाच तर वेल्डर त्यावर पुन्हा एक रेघ मारायला निघेल. तसं करू देऊ नका. छिद्रावर नवा धातू टाकला की खालची हवा आणि तेल वर ढकलून ते दुसरीकडून फुटतं. ती जागा ग्राइंड करून चांगला धातू लागेपर्यंत खाली जायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि मग भरायचं. दोनदा असं करूनही छिद्रं येत राहिली तर ते कास्टिंगच आतून पोकळ किंवा तेलाने भरलेलं आहे. तेव्हा वेल्डरशी वाद न घालता जुना भाग सोबत घेऊन नव्याच्या शोधात निघा, कारण सारख्या दिसणाऱ्या कव्हरच्या बोल्टची अंतरं मॉडेलगणिक बदलतात.

बसवल्यावर पहिले काही तास यंत्र कमी भारावर चालवा. थांबवून जोड पुसा, बोल्ट पुन्हा आवळा, तेलाची पातळी बघा. कोणता रॉड वापरला तो क्रमांक भागाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. उद्या शेजारीच दुसरा तडा गेला आणि वेल्डर वेगळा असला तर त्याला पहिली माहिती हीच लागेल.